कॉलेज बास्केटबॉल, एनबीए आणि मार्च मॅडनेस: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईक, इथे अमेरिकेत नवीन आलेले मित्र आणि भारतात पहाटे उठून मॅच बघणारी पोरं मला तेच तेच प्रश्न पाठवत असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी टाकतोय. मी राहतो नॉर्थ कॅरोलायनात आणि फॅन आहे एनसी स्टेट कॉलेजचा, त्यामुळे शेजारच्या प्रतिस्पर्धी ड्यूकबद्दल काही लिहिलं असेल तर ते लक्षात ठेवून वाचा. नियम आणि आकडे 2025-26 सीझनपर्यंतचे आहेत. मतं सगळी माझी.

1. कॉलेजचं बास्केटबॉल आणि एनबीए, खेळ तर एकच ना? मग फरक काय?

खेळ एकच, पण मॅचचा मूड पूर्ण वेगळा. एनबीएत (अमेरिकेतली प्रोफेशनल लीग) 12 मिनिटांचे चार क्वार्टर, पुरुषांच्या कॉलेजात 20 मिनिटांचे दोन हाफ, आणि बायकांच्या कॉलेजात 10 मिनिटांचे चार क्वार्टर. शॉट क्लॉक एनबीएत 24 सेकंद, कॉलेजात 30. एनबीएत सहाव्या फाऊलला खेळाडू बाहेर, कॉलेजात पाचव्यालाच, आणि हा एक फाऊलचा फरक दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे, कारण कॉलेजात चांगल्या सेंटरला पहिल्या हाफमध्ये दोन फाऊल पडले की कोच त्याला घाबरून बेंचवर बसवतो आणि मॅच तिथेच फिरते. थ्रीची (तीन पॉईंटच्या शॉटची) लाईनही एनबीएत लांब आहे.

दर्जा म्हणाल तर तुलनाच नाही, एनबीएचा शेवटच्या नंबरचा संघसुद्धा कुठल्याही कॉलेज चॅम्पियनला आरामात हरवेल. तरी मला मार्चमध्ये कॉलेज जास्त आवडतं आणि जूनमध्ये एनबीए. का ते पुढे येईलच.

2. मार्च मॅडनेस म्हणजे नक्की काय? सीड वगैरे काय भानगड आहे?

मार्चमधली कॉलेज टीमची राष्ट्रीय टुर्नामेंट, 68 टीम, हरला की घरी. सात मॅचची सिरीज नाही, दुसरा चान्स नाही. यातल्या 31 टीम आपापली कॉन्फरन्स (कॉलेजांचा गट) जिंकून थेट येतात, बाकीच्या 37 कमिटी निवडते, आणि मार्चच्या मधल्या एका रविवारी, ज्याला सिलेक्शन संडे म्हणतात, टीव्हीवर यादी जाहीर होते. आधी डेटनला चार छोट्या मॅच होतात, त्यातून 64 उरतात, मग त्यांचे चार रीजन आणि प्रत्येक रीजनमध्ये 1 ते 16 सीड (मानांकन). पहिली सीड सोळाव्याशी खेळते, दुसरी पंधराव्याशी, असं.

कोणाला हे अन्यायाचं वाटतं की वर्षभर 30 मॅच जिंकलेली टीम एका वाईट रात्रीमुळे बाहेर जाते. मला नाही वाटत. सगळ्यात चांगली टीम कोण हे शोधायचं काम एनबीए करते, तिथे सात मॅचनंतर नशिबाला फारशी जागा राहत नाही. इथे 40 मिनिटं नीट खेळायचं, एवढीच अट, आणि ती सगळ्यांना सारखी.

3. पुण्याहून बघायचं तर कितीला उठावं लागेल?

एनबीएची नेहमीची साडेसातची मॅच (पूर्व किनाऱ्याची वेळ) भारतात हिवाळ्यात सकाळी 6 ला लागते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इकडची घड्याळं पुढे जातात, त्यानंतर तीच मॅच 5 ला. फायनल्स साडेआठच्या, म्हणजे तुमच्याकडे सकाळी 6.

मार्च मॅडनेसचा पहिला गुरुवार-शुक्रवार मात्र भारतासाठी सोन्यासारखा आहे. इकडे दुपारी सव्वाबाराच्या सुमारास पहिली मॅच सुरू होते म्हणजे तिकडे रात्री पावणेदहा, जेवण उरकून बसायचं, आणि दिवसाला 16 मॅच एकावर एक चालू असतात. झोप आली तर झोपा, सकाळी चहा घेताना शेवटच्या मॅच तरीही चालूच असतील.

4. मला कुठलीच टीम नाहीये. कोणती धरू? तू एनसी स्टेटच का धरलीस?

ज्या गावात राहता किंवा शिकलात तिथली धरा, ट्रॉफ्या मोजून टीम धरू नका. आमच्याकडे रॅलीला एनसी स्टेट, डरहमला ड्यूक, चॅपल हिलला युएनसी, तिन्ही एका तासाच्या आत. ड्यूक आणि युएनसी तर एकमेकांपासून दहा मैलांच्या आसपास. ड्यूकचं कॅमेरन इंडोअर फक्त 9,314 लोकांचं आहे आणि युएनसीच्या मॅचसाठी पोरं थंडीत बाहेर तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे राहतात, तेही परीक्षा सांभाळून.

एनसी स्टेटचं कारण 2024. त्या वर्षी टीम 17 जिंकून 14 हरून कॉन्फरन्स टुर्नामेंटला गेली होती, कोचची नोकरी जाणार असं सगळे धरून चालले होते. वॉशिंग्टनला पाच दिवसांत पाच मॅच जिंकाव्या लागणार होत्या. लुईव्हिल, सिरॅक्यूज, मग ड्यूक. सेमीला व्हर्जिनियाविरुद्ध तीन पॉईंटनी मागे, पाच सेकंद उरलेत, समोरच्याचा फ्री थ्रो चुकला, आणि मायकल ओकॉनेलने धावत येऊन उचललेला थ्री बोर्डाला लागून आत पडला, ओव्हरटाईम, जिंकले. दुसऱ्या दिवशी युएनसीलाही हरवलं. तिथून अकरावी सीड म्हणून थेट मार्च मॅडनेसच्या फायनल फोरला (शेवटच्या चार टीममध्ये), वाटेत ड्यूकला परत एकदा 76-64. डी. जे. बर्न्ससारखा अवाढव्य, हसरा, डावखुरा पोरगा पाठ लावून हळूच वळून बॉल रिंगमध्ये टाकायचा आणि कुणालाच तो अडवता येत नव्हता. त्याच वर्षी आमच्या पोरीसुद्धा फायनल फोरला होत्या.

5. छोट्या टीम मोठ्यांना हरवतात ते दिवस संपले का? 2025 ला चारही नंबर वन आल्या ना फायनल फोरला?

हो, ऑबर्न, ड्यूक, ह्यूस्टन आणि फ्लोरिडा, चारही पहिल्या सीड, 2008 नंतर प्रथमच. लोकांनी लगेच जाहीर केलं की पैशाने खेळ संपवला. मला हे घाईचं वाटतं. पुरुषांमध्ये सोळाव्या सीडने पहिलीला हरवायला 2018 पर्यंत वाट बघावी लागली (युएमबीसीने व्हर्जिनियाला 74-54), आणि मग पाचच वर्षांत एफडीयूने पर्ड्यूला 63-58 हरवलं. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका.

पण काळजी वाटते ती खरीच आहे. छोट्या कॉलेजात एखादा पोरगा चमकला की पुढच्या वर्षी तो मोठ्या कॉलेजात असतो, म्हणजे छोट्या टीमला दोन-तीन वर्षं एकत्र मुरायला वेळच मिळत नाही (प्रश्न 7 बघा).

आणि चार मोठ्या टीम आल्या म्हणून मॅच कंटाळवाण्या झाल्या का? मुळीच नाही. फ्लोरिडा 65, ह्यूस्टन 63. शेवटचा बॉल ह्यूस्टनकडे, इमॅन्युएल शार्प थ्रीसाठी हवेत गेला, तेवढ्यात वॉल्टर क्लेटन धावत अंगावर आला, शार्पला शॉट घेता येईना म्हणून त्याने बॉल खाली सोडून दिला, आणि आता स्वतः हात लावला तर ट्रॅव्हल (नियमभंग), म्हणून तो बॉलशेजारी नुसता उभा. फ्लोरिडाच्या अ‍ॅलेक्स कॉन्डनने झेप घेतली आणि वेळ संपली. क्लेटन पहिल्या हाफमध्ये एकही पॉईंट करू शकला नव्हता, पण मॅच जिंकली त्याच्याच डिफेन्सने.

6. कॉलेजच्या पोरांना आता पगार मिळतो म्हणे? मग ते विद्यार्थी कसले?

1 जुलै 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावावर, फोटोवर जाहिराती करून पैसे कमवू शकतात, याला एनआयएल म्हणतात. जून 2025 मध्ये कोर्टाने हाऊस सेटलमेंट मंजूर केली, त्यामुळे आता कॉलेजही थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत.

माझं मत पक्कं आहे, हे फार आधी व्हायला हवं होतं. कोचला वर्षाला लाखो डॉलर, टीव्ही चॅनलला जाहिराती, कॉलेजला नवीन इमारती, आणि ज्याच्या गुडघ्यावर हे सगळं उभं आहे त्याला फक्त फी माफ? वर 'पैशामुळे खेळाची शुद्धता गेली' हे म्हणणारे बहुतेक तेच लोक ज्यांना आधीपासून पैसे मिळत होते. अभ्यास करणारी पोरं आजही अभ्यास करतात. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी इंटर्नशिपचे पैसे घेतो तेव्हा आपण त्याला विद्यार्थीच म्हणतो ना.

7. मग दरवर्षी टीम का बदलतात? मागच्या वर्षीचा एकही चेहरा ओळखीचा नसतो!

ही तक्रार मला सगळ्यात जास्त येते आणि माझीही आहे. आधी कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. 2018 ला ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं असेल तर नाव टाकायची यादी) आलं, 2021 ला एकदा बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि 2024 पासून कितीही वेळा बदला, मार्क ठीक असले की झालं. 2025 च्या उन्हाळ्याआधी पुरुषांच्या पहिल्या डिव्हिजनमधले दोन हजारांहून जास्त खेळाडू पोर्टलमध्ये होते. टीम साधारण 365, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

लोक याचा राग पोरांवर काढतात, ते मला पटत नाही. कोच स्वतः करार मोडून एका रात्रीत दुसरीकडे जातो तेव्हा त्याला महत्त्वाकांक्षी म्हणतात. दोष पैसे देण्यात नाहीये, पैसे दिले पण धड करार केले नाहीत यात आहे. आयपीएलमध्ये रिटेन्शन आहे, ऑक्शन आहे, कोण कुठे किती वर्षं हे फॅनला कळतं. इथे मोठ्या लीगसारखा पैसा आहे पण खेळाडूंची युनियन नाही, सामूहिक करार नाही, त्यामुळे एनसीएएने (कॉलेज खेळ चालवणारी संस्था) कुठलाही नियम केला की कोणीतरी कोर्टात जातो आणि नियम पडतो.

माझ्या मते उपाय एकच, खेळाडूंना कर्मचारी माना, युनियन करू द्या, आणि दोन-तीन वर्षांचे खरे करार करा, ज्यात पोराला दुखापत झाली तरी पैसे मिळतील आणि कॉलेजला तो पुढच्या वर्षी असेल याची खात्री मिळेल. टोनी बेनेटसारख्या कोचने, ज्याने व्हर्जिनियाला 2019 चं टायटल दिलं, ऑक्टोबर 2024 मध्ये सीझन तोंडावर असताना निवृत्ती घेतली आणि सरळ सांगितलं की या नव्या व्यवस्थेसाठी मी योग्य माणूस नाही. असे लोक जाणं हे खेळाचं नुकसान आहे. पण जुनी फुकट राबवायची व्यवस्था परत आणणं हा त्यावर उपाय नाही, हे प्रश्न 6 मध्ये लिहिलंच आहे.

8. एनबीएत कोणी डिफेन्सच करत नाही, नुसते थ्री मारतात. बघायचं काय त्यात?

थ्री वाढलेत हे खरं. 2024-25 मध्ये बॉस्टन सेल्टिक्स मॅचला सरासरी 48 थ्री मारत होते, दोनच्या शॉटपेक्षा जास्त. आणि मग प्लेऑफमध्ये निक्सविरुद्ध पहिल्या मॅचला 60 मारले, 45 चुकवले, 20 ची आघाडी घालवून ओव्हरटाईममध्ये हरले. मलाही तो प्रकार बघवत नाही.

पण डिफेन्स नाही म्हणणाऱ्यांनी ओक्लाहोमा सिटी थंडर बघितलेली नाही. 68 जिंकून 14 हरले, मग चॅम्पियन, आणि ते डिफेन्सच्या जोरावर. लू डॉर्ट आणि अ‍ॅलेक्स करूसो समोरच्याला ड्रिबलसुद्धा सुखाने करू देत नाहीत, एकाला चुकवलं तर दुसऱ्याचा हात बॉलवर असतो. त्यांचा शे गिल्जस-अलेक्झांडर थ्रीचा माणूसच नाहीये, तो मिड-रेंजवर, थांबत थांबत, समोरच्याचा तोल घालवून खेळतो आणि सीझनचा एमव्हीपी, फायनल्सचा एमव्हीपी दोन्ही तोच. पुढच्या वेळी बॉल सोडून फक्त करूसोचे पाय बघा पाच मिनिटं.

9. एवढे पैसे घेतात आणि मॅचला विश्रांती? हा लोड मॅनेजमेंट प्रकार काय आहे?

थकवा आणि दुखापत टाळायला खेळाडूला काही मॅच बसवून ठेवायचं, हे लोड मॅनेजमेंट. सीझनला 82 मॅच, बऱ्याचदा सलग दोन रात्री, मधे विमान. 2023-24 पासून नियम आहे की किमान 65 मॅच खेळल्या तरच एमव्हीपीसारख्या अवॉर्डला पात्र. तिकीट काढून गेलेल्या माणसाची निराशा मला कळते, पोराला घेऊन स्टेडियमला गेलो आणि ज्याची जर्सी त्याने घातलीय तोच सूट घालून बेंचवर बसलेला, हे वाईट आहे.

पण 2025 च्या प्लेऑफमध्ये काय झालं ते बघा. डेमियन लिलार्ड, जेसन टेटम आणि टायरीस हॅलिबर्टन, तिघांचंही अकिलीस (टाचेमागची कंडरा) तुटलं. हॅलिबर्टनचं तर फायनल्सच्या सातव्या मॅचच्या पहिल्या क्वार्टरमध्ये, पोटरी आधीच दुखत असताना, तीन थ्री मारून झाल्यावर. पेसर्स शेवटी 103-91 हरले. त्याने जमिनीवर हात आपटला तो मला अजून आठवतो. म्हणून माझं म्हणणं, 82 च्या 65-70 मॅच करा, खेळाडूंनी आणि मालकांनी दोघांनी थोडे पैसे सोडावेत. 2025-26 पासून 11 वर्षांचा 76 अब्ज डॉलरचा टीव्ही करार आहे, कोणी उपाशी मरणार नाही.

10. लुकाला विकलं आणि लगेच लॉटरी लागली. सगळं फिक्स आहे ना?

नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसने लुका डॉनचिचला लेकर्सला दिलं, बदल्यात मुख्यतः अँथनी डेव्हिस. मग मे महिन्यात त्याच डॅलसला 1.8 टक्के चान्स असताना ड्राफ्टच्या (नवीन खेळाडू निवडायच्या) लॉटरीत पहिला पिक लागला आणि ड्यूकचा कूपर फ्लॅग मिळाला. संशय येणं साहजिक आहे, पण लॉटरीचे बॉल टीमच्या प्रतिनिधींसमोर आणि पत्रकारांसमोर निघतात, आणि छोटा चान्स कधी ना कधी लागतोच.

ट्रेड मात्र माझ्या मते चूकच होती, आणि नुसती खेळाच्या दृष्टीने नाही. 25 वर्षांचा पोरगा, आदल्याच वर्षी टीमला फायनल्सला नेलेला, डॅलसलाच राहायचं म्हणणारा. तिथल्या लोकांनी स्टेडियमबाहेर शवपेटी आणून ठेवली होती. नोव्हेंबर 2025 मध्ये जनरल मॅनेजर निको हॅरिसनला काढलं.

11. दरवर्षी वेगळाच चॅम्पियन का? आधी तर एकच टीम तीन-तीन वेळा जिंकायची.

2019 ते 2025 सात वर्षांत सात वेगळे: रॅप्टर्स, लेकर्स, बक्स, वॉरियर्स, नगेट्स, सेल्टिक्स, थंडर. मोठं कारण पगाराचे नियम. 2023 च्या करारात टीमच्या एकूण पगारावर 'सेकंड एप्रन' नावाची रेषा आली, ती ओलांडली की नुसता दंड नाही, हातच बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, सात वर्षांनंतरचा ड्राफ्ट पिक अडकतो. त्यामुळे 2024 ला जिंकलेल्या सेल्टिक्सना 2025 ला जरू हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांना सोडावं लागलं.

सगळ्यांना संधी मिळते हे छान, पण स्वतः ड्राफ्ट करून, शिकवून मोठी केलेली टीम मोडायला लावू नये. घरच्या खेळाडूला पगाराच्या मोजणीत सूट द्या, एवढीच माझी मागणी.

12. बायकांचं बास्केटबॉल केटलिन क्लार्कमुळेच चालतं का?

क्लार्कमुळे वाढलं, पण तिच्यामुळेच चालतं म्हणणं साऊथ कॅरोलायना आणि यूकॉनवर अन्याय आहे. क्लार्कने मार्च 2024 मध्ये पीट मॅराविचचा कॉलेजमधल्या 3,667 पॉईंटचा रेकॉर्ड मोडला आणि 3,951 वर थांबली. त्या वर्षीची बायकांची कॉलेज फायनल जवळपास 1 कोटी 89 लाख लोकांनी बघितली, पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त. ती मॅच क्लार्कच्या आयोवाला हरवून जिंकली मात्र साऊथ कॅरोलायनाने, 87-75, अख्ख्या सीझनमध्ये एकही न हरता. 2025 ला पेज बेकर्सच्या यूकॉनने त्यांनाच 82-59 हरवलं.

आता पगार बघा. क्लार्क 2024 च्या डब्ल्यूएनबीए (बायकांची प्रोफेशनल लीग) ड्राफ्टमध्ये पहिली, पहिल्या वर्षाचा पगार 76,535 डॉलर. त्याच वर्षी एनबीए ड्राफ्टमध्ये पहिला आलेल्या पोराला सव्वा कोटी डॉलरच्या आसपास. लीगचं उत्पन्न वेगळं, मान्य, पण उत्पन्नातला खेळाडूंचा वाटासुद्धा खूपच कमी होता, आणि खरा मुद्दा तो आहे. मुलगी असेल तर तिला बायकांच्या कॉलेज मॅचला नक्की न्या, तिकीट स्वस्त आणि खेळ सुंदर.

13. काका, शेवटची दोन मिनिटं अर्धा तास का चालतात? आणि स्वतःहून फाऊल का करतात?

मागे असलेल्या टीमला घड्याळ थांबवायचं असतं, म्हणून फाऊल करून समोरच्याला फ्री थ्रोला पाठवतात, चुकला तर बॉल आपला. पुरुषांच्या कॉलेजात हाफमधल्या सातव्या फाऊलपासून 'वन-अँड-वन' मिळतो, म्हणजे पहिला आत गेला तरच दुसरा, त्यामुळे तिथे हे जास्त फळतं. दहाव्यापासून सरळ दोन.

उलटं पण असतं. तीनने पुढे असाल आणि पाच-सहा सेकंद उरलेत तर मुद्दाम फाऊल करा, म्हणजे ते थ्री मारूच शकत नाहीत. प्रश्न 4 मधली व्हर्जिनिया तिथेच फसली.

आणखी एक, एनबीएत शेवटच्या दोन मिनिटांत टाईमआऊट घेतला की बॉल अर्ध्या कोर्टापुढून मिळतो, पुरुषांच्या कॉलेजात नाही, पूर्ण कोर्ट पळावंच लागतं. मला कॉलेजचाच नियम आवडतो.

14. एकदा प्रोफेशनल झालेला खेळाडू परत कॉलेजला येऊ शकतो का?

पूर्वी सरळ नाही म्हणालो असतो. नेहमीची वाट अशी की वय 19 आणि शाळा संपून एक वर्ष झालं की ड्राफ्टला जायचं, म्हणून फ्लॅगसारखे एकच वर्ष कॉलेजला थांबतात. पण डिसेंबर 2025 मध्ये बेलर कॉलेजने जेम्स नाजीला घेतलं, जो 2023 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये 31 वा निवडला गेला होता आणि युरोपात प्रोफेशनल खेळत होता. एनबीएत तो एकही मॅच खेळला नव्हता, म्हणून परवानगी मिळाली.

हे मला मान्य नाही. युरोपात क्लबमध्ये खेळलेल्या 18-19 वर्षांच्या पोराने यावं, जरूर यावं. पण ड्राफ्ट झालेला माणूस सीझनच्या मध्यात आला की शाळेतून येणाऱ्या एका पोराची जागा जाते.

15. आपलं भारतीय कोणी आहे का एनबीएत?

खेळाडू म्हणाल तर पंजाबचा सतनाम सिंग 2015 ला डॅलसने 52 वा निवडला, ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय, पण सीझनमध्ये खेळायला मिळालं नाही. त्याच वर्षी कॅनडाचा सिम भुल्लर सॅक्रामेंटो किंग्जकडून खेळला, भारतीय वंशाचा पहिला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. ऑक्टोबर 2019 मध्ये किंग्ज आणि पेसर्स वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दोन मॅच खेळले, पहिली ओव्हरटाईमला गेली आणि पेसर्सनी 132-131 जिंकली. नागपाड्यात इतकी वर्षं इतकं चांगलं बास्केटबॉल खेळलं जातं, तिथल्या पोरांना वर जायची शिडीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

16. माझा मुलगा एफ-1 व्हिसावर कॉलेजमध्ये खेळणार आहे. त्याला एनआयएलचे पैसे घेता येतील का?

इथे थांबा आणि नीट वाचा. प्रश्न 6 मधलं सगळं अमेरिकन पोरांना सरळ लागू आहे, एफ-1 वाल्यांना नाही. या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करायला बंधनं आहेत आणि जाहिरातीचं शूटिंग, सही करायचे कार्यक्रम हे काम धरलं जाऊ शकतं. केंटकी कॉलेजचा ऑस्कर शिबवे टीमबरोबर बहामाला गेला तेव्हा त्याने तिथे करार उरकले, कारण ते काम अमेरिकेबाहेर होतं. कॉलेज आता जो थेट हिस्सा देतं तो या पोरांसाठी काय धरायचा यावरही वकिलांमध्ये मतभेद आहेत.

त्यामुळे कोच काय म्हणतो, एजंट काय म्हणतो यावर सही करू नका. आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला लेखी विचारा, मग इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवा. पैसे एक वर्ष उशिरा मिळाले तर चालतील, व्हिसा गेला तर खेळही गेला आणि डिग्रीही.